गोळ्यांच्या खोलीतला गुरुवार

देवळात बायका जमल्या की किस्से निघतात, पण आमच्या जव्हारच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर निघतात तसे कुठेच नाहीत. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खोलीला आम्ही नुसतंच 'गोळ्यांची खोली' म्हणतो. नवरा गेला आणि हा आजार मला देऊन गेला, तेव्हापासून मी त्या बाकावर आहे. देवाच्या कृपेने अजून आहे!

माझी गोळ्यांची तारीख महिन्यातून एकदा, गुरुवारी येते. त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पिशवी घेऊन निघाले की दत्ताला चालले समजून शेजारीण हात जोडते. "काय हो तुमची भक्ती! महिन्याचा गुरुवार कधी चुकत नाही!"

मीही हात जोडते. खोटं कुठे बोलले?

सुरुवातीच्या वर्षांत एक जुनी गोळी होती. जीव वाचवला तिने, पण गालांवरची चरबी खाऊन टाकली. गाल आत, हातापायाच्या काड्या! हळदीकुंकवाला एका वहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांगा, कुठलं व्रत करता? काय बारीक झालात!"

काय सांगणार? म्हटलं, "सोळा सोमवार."

वहिनींनी अगदी श्रद्धेने सोळाच्या सोळा सोमवार केले. साबुदाण्याची खिचडी खाऊन तीन किलोने वाढल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

गाल का बसले, ते नव्या डॉक्टरांनी सांगितलं. बाकावरच्या आम्हा सगळ्यांना समोर घेऊन म्हणाले, "शरीराच्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. म्हणजे पॉवरहाऊस. काही गोळ्या, विशेषतः जुन्या, ती पॉवरहाऊस बिघडवतात. मग गालांवरची चरबी झडते, थकवा येतो, लिव्हरवर ताण येतो."

माझ्या शेजारी सूर्यमाळची काशी बसली होती. ती पटकन म्हणाली, "डाक्तर, आमच्या पाड्यावर पावसाळ्यात आठ-आठ दिस लाईट नसते. आम्ही मेलो काय?"

डॉक्टर हसले, मग बोट वर करून म्हणाले, "काशीबाई, डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी इथे यायचं. आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत!"

काशीने मान हलवली. सगळेच हलवतात.

पुढच्या महिन्यात काशी आलीच नाही. गोळ्यांची तारीख उलटून आठवडा झाला. मी गणपतीपुढे एकवीस दुर्वा ठेवल्या, जीप पकडली आणि सूर्यमाळला गेले.

काशी अंगणात बसलेली. डोळे झेंडूसारखे! समोर पाड्यावरचा भगत, त्याच्यापुढे पितळी परात. तो कसल्याशा सालीचा रस तिच्या हातांना चोळत होता आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावत होता. पाणी पिवळंधमक झालं.

"बघ ताई," काशी दमलेल्या आवाजात म्हणाली, "कावीळ निघतेय. आज तिसरी खेप."

"तीन पराती भरून निघाली, मग डोळ्यात अजून कुठली राहिली गं?"

"बाई, मध्ये बोलू नका," भगत गुरगुरला. "त्या सरकारी गोळ्यांनीच कावीळ झालीय. मी बंद करायला लावल्यात."

आता गंमत बघा, त्याचं अर्धं बरोबर होतं! गोळीनेच झाली असेल कदाचित. पण ते रक्त तपासून ठरवायचं की परात बघून? आणि सगळ्याच बंद? कुठली बदलायची ते डॉक्टर बघतील ना! मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "काशी, जीप उभी आहे. चल गं. तुझ्यासाठी मी शनिवारचे उपास धरते."

काशी हलेना. परातीकडे बघत राहिली, मग माझ्या हातांकडे, मग भगताच्या. आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "भगतबाबा, एकदा तुमचे हात धुवा बरं. तसाच रस लावून."

"मला काय झालंय?"

"काय नाय ना? मग धुवा की!"

अंगणात पाच-सहा बाया उभ्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती. भगताने रस चोळला, नव्या पाण्यात हात बुडवले. पाणी पिवळंधमक!

काशी भिंतीला धरून उठली, पदर खोचला आणि भगताचं मनगट घट्ट धरलं.

जीपमध्ये तिने ते सोडलं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंतही नाही.

डॉक्टरांनी काशीच्या पापण्या ओढून बघितल्या, मला रागावले, तिला दुप्पट रागावले, रक्त काढायला लावलं. "रिपोर्ट आला की गोळी बदलून देतो. वेळेत आणलंत," म्हणाले. मी मनात गणपतीला हात जोडले.

मग त्यांचं लक्ष दाराशी गेलं. "आणि हे कोण? यांना काय होतंय?"

"कावीळ," काशी म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी परातीत बघितलीय. यांचंपण रक्त काढा!"