तीनशे तेवीसवाले नथूभाऊ

नथूभाऊंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना फौजदार समजून उभा राहिलो. तांबडे बूट, बारीक कापलेले केस आणि ठाण्यासमोरच्या टपरीवर बसण्यातली ती मालकी. वर 'साहेब' म्हणून चहासुद्धा पाजला. चहा आणि साहेबकी, दोन्ही त्यांनी निमूट गिळली.

टोकावड्याकडच्या गावांत कुणी मार खाल्ला, की तो ठाण्याची पायरी चढायच्या आधी नथूभाऊ, मिटवामिटवीचे दलाल, त्याला टपरीवर गाठतात. दुखऱ्या जागी बोट दाबून म्हणतात, "बोंबलला नाय ना? मग हाड शाबूत हाय." हा त्यांचा एक्स-रे. नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले; भाऊ अजून जुन्यावरच. "हातानं मारलं का तीनशे तेवीस. पोलीस नुसती नोंद करतात, कोर्टात जा सांगतात. दांड्यानं मारलं का चोवीस, मग गुन्हा. मधे एक दांडा हाय, गुरुजी. तो काढला का गावात शांतता." असे किती दांडे या माणसानं कागदावरून काढले असतील! पाठीवरचा वळ मात्र एकही काढला नाही.

सोनी आमच्या शेजारच्या वाडीतली, मजुरीवर जगणारी. तिची शेळी भाताच्या रोपात शिरली म्हणून शेतमालकानं तिला फावड्याच्या दांड्यानं मारलं. अर्ज लिहून द्यायला मी तिच्याबरोबर गेलो आणि टपरीवर अडकलो.

"हातानं मारलं, येवढंच लिवा," भाऊ कानाशी लागले. "तुमचं अक्षर मोत्यावानी. तुमच्या कागदाला साहेब मान देतात."

साहेबांनी जन्मात माझा एक कागद पाहिलेला नव्हता. तरी मी फुगलो, आणि लिहिलं.

"दांडा लिवला ना, गुरुजी?" सोनीनं विचारलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली. तिनं अंगठा उठवला.

झाली नोंद, अदखलपात्र. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या दवाखान्यात तिच्या हाताचा फोटो काढला, तर मनगट मोडलेलं. मी धावत ठाण्यात. हवालदार म्हणाले, "अर्जात नुसता हात लिवलाय. नवा अर्ज आणा, मी वाडीवर येतो जबाब घ्यायला."

बाहेर भाऊ होतेच. "कालचा कागद खोटा म्हनून सांगनार? अक्षर तुमचंच हाय."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खरं वाक्य.

नवा अर्ज लिहिला. प्लास्टरमधून बाहेर राहिलेल्या अंगठ्याला शाई लावली. हवालदार वाडीवर आले, जबाब झाला, गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून भाऊ मला पाहिलं की तोंड फिरवतात. इतका मान मला तीस वर्षांच्या नोकरीनं दिला नाही.

घरी आल्यावर छाती काढून बायकोला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "पुन्हा अंगठा कशाला, असं सोनी म्हणाली असेल ना?"

"म्हणाली. साहेबांना आणखी एक प्रत हवीय, असं सांगितलं."

भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "म्हणजे खरं लिहिलंत, तेसुद्धा खोटं बोलूनच."