वेगळ्या चुलीचा नैवेद्य

गुणाबाई माझी भावजय. आमचं गाव जळकोट तालुक्यात. तिच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, पण घरात दुसरं कुणी लिहिणार नाही.

माझा थोरला भाऊ किशन वारला, तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. पुढे कुणाच्या लग्नात हळद लावायची वेळ झाली, की ती आपणहून उठून मागे भांड्यांजवळ जाऊन बसायची. एकदा शेजारच्या मनकर्णाबाईबरोबर ती बिलोलीकडे महानुभावांच्या आश्रमात गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला वाकून दंडवत घातला. परत आल्यावर मला म्हणाली, "भावजी, मी मागं वळून बघितलं, कुणाला घालतीय म्हणून. मागं कुणीच नव्हतं."

पुढच्या वर्षी तिनं उपदेश घेतला. एक देव, बाकी कुणाला हात जोडायचे नाहीत. मटण शिजलेल्या भांड्यातलं ती खाईना. देवघरातल्या टाकांना हात लावीना. सून शीला म्हणाली, "आमचा देव बाटला व्हय आत्याबाई?" वहिनीचा मुलगा बालाजी आई नि बायकोच्या मध्ये कंटाळून गेला. शेवटी मागच्या खोलीत तिनं वेगळी चूल मांडली. सहा-सात वर्षं तसंच चाललं. गावानं हसून सोडून दिलं होतं.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. प्रत्येक घरचा नैवेद्य लहानशा लाकडी गाड्यावर ठेवायचा आणि गाडा गावच्या शिवेपलीकडे सोडून यायचा. एक घर जरी राहिलं, तरी रोग गावातच राहतो, असं आमच्याकडे मानतात.

मी घाबरलो. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, आणि त्या घरचा नैवेद्य दिसला नाही तर लोक वहिनीला धरतील, असं माझ्या मनानं घेतलं. बायकोला म्हणालो, "दहीभात दोन ताटांत काढ." वहिनीला विचारायचं धाडस झालं नाही.

पोलीस येतील म्हणून सगळी घाई चालली होती. गाड्याचा मान हणमंतरावांचा, ते पुढे होते. शीलानं तिचं ताट ठेवलं. मी आमचं ठेवलं, आणि मग दुसरं.

"हे कुणाचं रे?" हणमंतरावांनी विचारलं.

"वहिनीचं."

"त्या घरचं तर शीलानं दिलं की."

"वहिनीची चूल वेगळी हाय न्हवं," मी म्हणालो.

"भावजयीच्या चुलीवर लई ध्यान हाय याचं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

वहिनी दारातच उभी होती. "ते माझं न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई दिलं."

हसणं थांबलं. हणमंतराव म्हणाले, "मंग तुझं कुठं हाय, बाई?"

"माझ्यात चालत न्हाई, मामा. न्या की तुम्ही गाडा. मी काय आडवी पडले का?"

शीलाच्या एका ताटात सगळं घर येऊन गेलं असतं. कुणी विचारलंही नसतं. तिची चूल मी मोजली, म्हणून गावानं मोजली.

गाडा शिवेपलीकडे गेला, त्याच्या बाराव्या दिवशी गावातला ईश्वरप्पा कोरोनानं लातूरच्या दवाखान्यात वारला. पस्तिशीचा माणूस. प्रेतसुद्धा गावात आलं नाही. त्याच आठवड्यात वहिनीच्या चुलीत कुणीतरी घागरभर पाणी ओतलं. नळावर तिची पाळी येईना. नात सुकन्या आजीच्या खोलीकडे वळली की शीला तिला ओढून न्यायची.

बालाजी रडकुंडीला आला. "आई, एक डाव नुसता हात लाव नैवेद्याला. मनातून नको लावू."

"मनातून न्हाई तर कशाला लावू, बाळा?"

रस्ते खुले झाले, तसं त्यानं तिला मोटारसायकलवर बसवून आश्रमात नेऊन सोडलं.

दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. आठ-दहा बायका ओळीनं बसून तूर निवडत होत्या, आणि वहिनी काहीतरी सांगून त्यांना हसवत होती. ती एवढं बोलते, हे मला माहीत नव्हतं. तिनं मला वाकून दंडवत घातला. मला काय करावं कळेना, मी नुसता उभा राहिलो.

"चूक माझी होती, वहिनी."

"होती की," ती म्हणाली. "बसा. च्या घ्या."

सुकन्या केवढी झाली, ते तिनं दोनदा विचारलं. निघताना फाटकापर्यंत आली. "भावजी, एक काम करा. मी मेले की मला गावात नेऊ नका. ह्या लोकांसारखं इथंच मातीत ठेवा. बालाजीला सांगा. माझ्या तोंडून त्याच्यानं ऐकवणार न्हाई."

मी हो म्हणालो. बालाजीला उद्या सांगू, पुढच्या सणाला सांगू, असं करत तीन वर्षं गेली.

मागच्या माघात आश्रमातून फोन आला, वहिनी गेली. मी, बालाजी आणि हणमंतराव जीप करून गेलो. बायकांनी तिला आंघोळ घालून ठेवलं होतं. जगदेवी नावाच्या वयस्कर बाई तिथलं पाहायच्या. त्या म्हणाल्या, "जागा तयार आहे. बाईंची तशी इच्छा होती."

हणमंतराव म्हणाले, "बालाजी, जितीपणी बाहेर काढली, मेल्यावर बी टाकून आला म्हणतील लोक. ईचार कर."

बालाजी माझ्याकडे वळला. त्याचे डोळे सुजले होते. "मला तर आई कधी बोलली न्हाई. काका, तुमाला बोलली होती का?"

जगदेवीबाई माझ्याकडे बघत होत्या. हणमंतरावही बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो.

जीपचं मागचं सीट काढून तिला आत ठेवलं. फाटकाशी त्या सगळ्या बायका जमिनीपर्यंत वाकल्या. दिवस मावळायच्या आत आम्ही गावच्या मसणवट्यात तिला अग्नी दिला. दहाव्याला हणमंतरावांनी सांगितलं तसं मरीआईलाही तिच्या नावानं ताट गेलं. ते न्यायला बालाजीनं मलाच सांगितलं. मी नेऊन ठेवलं.