सावळीराम सरांनी धरलेला घोटा

सावळीराम गांगुर्डे सर आम्हाला हँडबॉलचा बचाव शिकवायचे. बचाव करताना हात कमरेखाली गेला की मैदानाला दहा चकरा. मी त्यांच्या संघाचा गोलरक्षक. सरांना माणसाच्या पायांचं एवढं काय वावडं, असं आम्ही विचारायचो; अर्थात त्यांच्या पाठीमागे.

सर मूळचे कबड्डीवाले, घोटा धरण्यात पटाईत. १९७६ साली हा नवा खेळ नाशकात कुणालाच धड येत नव्हता, म्हणून कबड्डीचे दांडगे गडी गोळा करून संघ उभा केला होता. त्याच वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात देवळाली कॅम्पच्या केरूने शेवटच्या मिनिटाला बरोबरीच्या गोलसाठी उडी मारली आणि सरांसकट धुळीत कोसळला. त्याचं मनगट मोडलं. पंचांना काही दिसलं नाही. केरूच म्हणाला, "पाय सरकला." लोकांनी सरांना खांद्यावर घेतलं. पुढे राज्याच्या संघात निवड, कारखान्यात नोकरी, मग प्रशिक्षकपद. सगळं त्या सामन्याच्या जिवावर.

आठ वर्षांनी केरू आमच्या सरावाला आला. कॅम्पातल्या पोरांना सरांनी आठवडाभर शिकवावं, एवढंच त्याचं मागणं.

मी म्हणालो, "केरूकाका, सरांना बघूनच घसरलात ना?"

पोरं हसली. केरूही हसला. "नाय रे. थोरल्या भावाने बूट आणले होते, सहादूने. तळ पार गुळगुळीत. तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाय."

सर खाली बघत म्हणाले, "केरूभाऊ, बूट चांगले होते. मी घोटा धरला होता."

मग त्यांनी मान वर केली.

"हात आपसूक गेला, कबड्डीची सवय. पण नंतर आठ वर्षं गप्प बसलो, ती काही सवय नव्हती."

केरू वाकडं मनगट चोळत राहिला. "आई गेली तेव्हा सहादू माझ्या शेजारी खांदा द्यायला होता. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाय." मग उठला. "चला. त्याला सांगा हे. आणि या पोरालापण घ्या, याला लय हसू येतं."

बसमध्ये तिघं तीन बाकांवर बसलो.

सहादूच्या दारात सरांनी सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. सहादूने ऐकून घेतलं. मग भावाला म्हणाला, "जेवलास का?" केरू आत गेला. सहादूच्या बायकोने, लंकावहिनींनी, दोन पेले पाणी आणलं, दोन्ही आतल्यांसाठी.

आम्हाला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सर उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मीही. मी ती थट्टा केली म्हणूनच सर बोलले, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पटेना. मी हसलो होतो ते त्या माणसाच्या मोडक्या हातालाच.