खुणेची अंडी

मागच्या आठवड्यात शनिवारी सकाळी माझ्या हातून एक भयंकर गोष्ट होता होता राहिली... आता हसू येतंय, म्हणून लिहायला बसले.

केडगावात आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सुट्टीच्या दिवशी मुलांचा वर्ग घेते. अभ्यास थोडा, उद्योग जास्त. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे "येवढी शिकली आन् पोरांत खेळत बसती" हे गल्लीत अधूनमधून कानावर येतं. पण मला त्या वर्गाचं वेड आहे, काय करू...

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. वर्गातल्या सुवार्ताच्या घरी दरवर्षी अंडी रंगवतात. म्हटलं, या वेळी सगळेच रंगवू. प्रत्येकाने घरून एक अंडं आणायचं.

करायला एकदम सोपं आहे. अंडी उकडून गार करायची, त्यावर पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने नक्षी काढायची आणि मग रंगात बुडवायची. मेण लागलंय तिथे रंग चढत नाही, नक्षी आपोआप उमटते. रंगही घरचेच... हळद, बीट, कांद्याची सालं. हे उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की झालं.

आठ मुलींनी एकेक अंडं आणलं, बहुतेक गावरान. माळकऱ्याच्या घरची श्रेया मात्र बटाटा घेऊन आली. "ताई, आमच्यात अंडं चालत न्हाई. ह्यो रंगवला तर चालंल का?" मी म्हटलं, पळेल!

सगळ्यात शेवटी सानिया आली. ओढणीत पाच अंडी, आणि प्रत्येकावर कोळशाची एक काळी रेघ.

"अरे वा, ही तर घरूनच नक्षी काढून आली!" मी तिचं भरभरून कौतुक केलं. ती काहीतरी बोलणार होती, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती लाजून गप्प बसली.

मग मी मुलींना एक छोटंसं भाषण दिलं. अंडं म्हणजे नवा जीव, नवी सुरुवात, म्हणून ईस्टरला अंड्याला एवढा मान वगैरे वगैरे. बोलता बोलता ओल्या फडक्याने एकेक अंडं पुसून टोपलीत ठेवत होते. स्वच्छता आधी, ना... सानियाच्या चार अंड्यांवरची रेघ मी छान पुसून काढली.

शेगडीवर पाणी तापत होतं. पाचवं अंडं पुसायला उचललं आणि पाठीमागून आईने मनगट धरलं.

"ही खुणेची अंडी कुणी आणली गं?"

आमच्याकडे शेळ्या आहेत, कोंबड्या नाहीत. शिवाय आठवीपासून मी दौंडला हॉस्टेलवर. खुणेची अंडी म्हणजे काय, मला खरंच माहीत नव्हतं. कोंबडी अंड्यांवर उबवायला बसली की त्यांवर कोळशाने खूण करतात. नंतर कुणी दुसऱ्या कोंबडीने तिथेच ताजं अंडं घातलं तर ते ओळखून काढता यावं म्हणून...

सानियाचे डोळे भरून आले. "कोंबडी दाणं खायाला उठली व्हती, तवा घेतली. अम्मी बी रोज कोंबडीखालनंच अंडी काढती... मला वाटलं चालतंय."

म्हणजे टोपलीत चार जिवंत पिल्लं, आठ साध्या अंड्यांत मिसळलेली. आणि ओळखायची खूण मी स्वतः पुसून टाकलेली!

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मघाशी काय सांगत व्हतीस मॅडम? अंडं म्हंजी नवा जीव? आन् शिजवाया निघालीस व्हय!"

सानियाची अम्मी, आमची जमीलाचाची, दोन घरं सोडून राहते. तिची मागची सगळी अंडी मुंगसाने नेली होती, म्हणून यावेळी तिने कोंबडीला घराच्या आत बसवलं होतं. तिला सांगायला जाताना डोक्यात एकच... वर्गाला उद्या कुणी मुलगी पाठवेल का?

चाची धावतच आली. आधी सानियाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि टोपली उचलून उन्हात जाऊन बसली. एकेक अंडं मुठीत धरायचं आणि मुठीच्या भोकातून सूर्याकडे बघायचं. "ह्ये मोकळं... ह्ये मोकळं... ह्ये भरलंय." आरपार उजेड दिसला तर साधं, आत काळोख दिसला तर पिल्लू.

मुली तिच्याभोवती गोल करून उभ्या. चौथं भरलेलं अंडं सापडलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले.

पाचही अंडी पदरात घेऊन चाची उठली. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "रडू नगं. कोंबडीनं घेतली परत तर काय न्हाई झालं. आन् हिला मी न्हाई मारायची, घाबरू नका दोघी."

कोंबडीने घेतली. मंगळवारी सकाळी सानिया चप्पल न घालताच पळत आली... चार पिल्लं निघाली होती! पाचवं फुटलंच नाही. चाची म्हणते, एखादं तसं निघतंच, तुझा दोष नाही. मला अजून तेवढी खात्री नाही.

काल वर्गात मी भाषण दिलं नाही. चाचीला बोलावलं, आणि मुलींच्या रांगेत सानियाशेजारी खाली बसले. जमीलाचाची, तुम्ही चिडला असतात तरी चाललं असतं. तुम्ही शिकवलंत... मनापासून आभार.