पातळ पाकीट

अक्कम्मा मैंदर्गीच्या कानडी शाळेत चौथीपर्यंतच शिकली होती. पण केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे पाचशे वेढे न चुकता मोजणारं दुसरं माणूस शिवयोगी सरांना सबंध सोलापुरात मिळालं नसतं. सर म्हणजे तिचे यजमान. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. साखर पेठेत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत सरांचं संशोधन. मूलबाळ झालं नव्हतं. त्याबद्दल दोघं बोलत नसत.

सन बाहत्तरच्या उन्हाळ्यात सरांनी कॉलेजच्या दोन इमारतींमध्ये एक तार टाकली. एका टोकाकडून यंत्रानं आकडे पाठवायचे आणि दुसऱ्या टोकाला ते जसेच्या तसे पोचतात का बघायचं. तार एका यंत्रमागाच्या शेडला लागून गेली होती. तिथली मोटर सुरू झाली की तारेत कडकड उठे आणि आकडे बिघडत.

"मग गाळून घ्यायचं की," अक्कम्मा म्हणाली.

सर हसले. "तेच करतोय. तू गुंडाळतेस त्या वेटोळ्यांची गाळणीच व्हायचीय."

दोन वर्षं गाळण्या झाल्या. तारेत विजेची एक सततची गुणगुण असे ती गेली, कडकड मात्र गेली नाही. सरांनी तिला समजावलं, की गुणगुण एकाच सुराची असते, ती वेगळी काढता येते. कडकडीत सगळेच सूर असतात, ती गाळायची तर आकडेही गळून जातात. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. आकड्यांचे छोटे गट पाडायचे, सर त्यांना शब्द म्हणत, आणि प्रत्येक शब्दाला काही जादा आकडे जोडायचे. शब्दात एक चूक झाली तर त्या जादा आकड्यांवरून पलीकडचं यंत्र ती ओळखून दुरुस्त करी. दोन झाल्या की मात्र काही चालत नसे.

यंत्रातून निघालेल्या कागदी पट्ट्या घेऊन अक्कम्मा दुपारभर बसायची आणि चुकलेल्या आकड्यांवर लाल खूण करायची. एके दिवशी सर जेवत असताना तिनं पट्टी त्यांच्यापुढं धरली.

"चुका एकेकट्या येत न्हाईत री. पाच-सहा चिकटून येतात, आन् मग लांबवर काहीच न्हाई."

"मोटर सुरू होते तेवढ्यापुरत्या येतात. एकाच शब्दावर सगळा मार."

"आमचे अज्जा भीमेपलीकडं जत्रेला निघाले की एका घरातली माणसं एका नावेत बसू देत नसत. प्रत्येक नावेत प्रत्येक घरातलं एकेक. एखादी नाव बुडाली तरी घर बुडायला नको म्हणून."

सर जेवण अर्धवट टाकून मागच्या खोलीत गेले. एका शब्दाचे आकडे ओळीनं न पाठवता ते अनेक शब्दांत विखरून द्यायचे, पलीकडं पुन्हा जुळवायचे. कडकडीनं सहा आकडे मारले, तरी सहा शब्दांतला एकेकच जाणार. आणि एक तर दुरुस्त होतोच!

हे यंत्र उभं करायला अडीच वर्षं गेली. शहात्तरच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा, शेडमधल्या साऱ्या मोटरी चालू असताना, सबंध पट्टीवर लाल खूण करायला अक्कम्माला एकही चूक सापडली नाही. सरांनी निबंध लिहिला आणि परदेशातल्या एका मोठ्या मासिकाला पाठवला. शेवटच्या पानावर आभारात तिचं नाव घातलं. ते कसं दिसतं हे तिनं बोट फिरवून बघितलं.

"नाकारलं तर सगळे कागद परत येतील, जाड पाकीट. घेतलं तर एक चिठ्ठी येईल," सर म्हणाले होते.

सत्त्याहत्तरच्या श्रावणात पोस्टमननं पाकीट दिलं. पातळ होतं. अक्कम्मानं ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि शेंगदाणे भाजायला घेतले. शेजारच्या गोजरबाई मदतीला आल्या. चार वाजेपर्यंत चाळीस शेंगापोळ्या झाल्या. कॉलेजात निरोप गेला होता, त्यामुळं सर आले ते तिघा सहकाऱ्यांना घेऊनच.

"फोडा की सायेब, लई येळ झाला," गोजरबाई म्हणाल्या.

सरांनी उभ्यानंच पत्र वाचलं. परत एकदा वाचलं. अक्कम्मा त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"छापतायत," सर म्हणाले. पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि पाटावर बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी एक पोळी खाल्ली, तीही पाण्याच्या घोटाबरोबर.

पुढचे तीन आठवडे ते मागच्या खोलीत गेले नाहीत. शेवटी अक्कम्मानंच विचारलं, "पत्रात काय लिहिलंय री?"

"हेच काम दुसऱ्यानं केलंय. सत्तर साली छापूनही झालंय. आपण पहिलं वेटोळं गुंडाळलं त्याच्या दोन वर्षं आधी."

"तुमी तर दर सुट्टीला पुण्याच्या ग्रंथालयात जाऊन सगळं उतरवून आणत होता."

"तो अंक बांधणीला गेला होता. मी परत विचारलं नाही." मग म्हणाले, "कागद परत पाठवायचीही त्यांना गरज वाटली नाही."

दिवाळीच्या सुट्टीत सर पुण्याला जाऊन तो लेख हातानं उतरवून घेऊन आले. अक्कम्मा म्हणाली, "मला वाचून दाखवा." त्यांनी ओळ ओळ कानडीत सांगितली. नावा नव्हत्या, अज्जा नव्हते. बाकी सगळं तेच होतं.

"त्यानं बरोबर केलंय?"

"माझ्यापेक्षा नीट," सर म्हणाले, आणि तेव्हा रडले. तिनं कागद त्यांच्या मांडीवरून उचलले, ओले होऊ नयेत म्हणून.

त्यानंतर सरांनी संशोधन केलं नाही. मुलांना जीव तोडून शिकवलं, एवढंच. कॉलेजच्या दोन इमारतींमधली तार कुणीतरी काढून कपडे वाळत घालायला नेली.

पुढच्या संक्रांतीला गोजरबाईंनी ओट्यावर विचारलं, "आवं, सायबांचं ते परदेशातलं छापून आलं का न्हाय?"

आत सर पेपर तपासत होते. अक्कम्मानं क्षणभर दाराकडं पाहिलं.

"आलं की," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावानं आलं. आमच्या आधीच."

गोजरबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. आत पेनाचा आवाज थांबला होता.