पाणी लागलेला साडू

दुष्काळानं आमच्या सबंध बीड जिल्ह्याचं वाटोळं केलं, भलं केलं ते एकट्या माझ्या धाकट्या साडूचं. पाणी आटलं की माणसं काय पितात आणि त्यानं त्यांना काय होतं, हे विचारत गावोगाव हिंडायला त्याला परदेशातल्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती दिली. मानववंशशास्त्रात पीएच.डी.! मी केजजवळच्या दूध संस्थेचा सचिव. जन्मभर टँकरमागं पळालो, पण तहानेचाही पगार मिळतो हे मला कुणी सांगितलंच नाही. दिंद्रुडच्या सासुरवाडीत पहिला पाट माझा असायचा. शिष्यवृत्तीची बातमी आली आणि सासरे म्हणाले, "थोरले, जरा सरका. डाक्टर होनार हाय त्यो. सुई टोचनार न्हाई म्हन्तो, पन डाक्टरच." मी सरकलो.

बरं, माणूस तरी कसा? कुणाकडं गेला की पाणी पिण्याआधी विचारणार, "हे कुठलं?" टँकरचं, हापशाचं की विहिरीच्या तळाचं? मग बासुंदी चाखावी तसा घोट तोंडात घोळवून डोळे मिटणार. संस्थेत लोक दुधाची फॅट विचारतात, हा म्हशीनं कुठलं पाणी प्यायलं ते विचारणार. एका लग्नात त्यानं नवरीच्या आजीला शेजारी बसवून कोणत्या पाण्यानं गुडघे धरतात यावर पंगत उठेपर्यंत खल केला. म्हातारी खूश. "माजं दुखनं इतकं कुनी ऐकलंच न्हाई बाबा," म्हणाली. बायको मला हे येता-जाता ऐकवते.

मग तो प्रबंध लिहायला तिकडं गेला आणि इकडं त्याच्या शेतात बोअरची गाडी उभी राहिली. माझे सगळे बोअर कोरडे गेलेले. दुसऱ्या सकाळी त्याचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. "साडूभाऊ, पानी लागलं!" एवढं बोलला आणि फोन कटला. शिष्यवृत्ती त्याला, पाट त्याला, आता पाणीही त्यालाच! बायकोनं आळीभर साखर वाटली. मी चेहरा हसरा ठेवून बशी धरली.

दुपारी अभिनंदन करायला मेहुणीला फोन लावला, तर ती रडत होती. "बोअर कोरडा गेला, दाजी. पानी त्यान्लाच लागलंय, तिकडलं. पोटात अन्न ठरंना." अख्ख्या जिल्ह्याला कुठलं पाणी बाधतं हे विचारत फिरलेल्या माणसाला तिथलं चकचकीत नळाचं पाणी बाधलं होतं. म्हणजे पोट बिघडलं त्याचं, आणि सकाळपासून दुखत होतं माझं! हसायला हवं होतं. हसू काही आलं नाही.

संध्याकाळी मीच त्याला फोन केला. "उकळून पी रे, जिरं टाकून."

"पितो. साडूभाऊ, इथं पानी लागलं म्हन्लं तर कुनालाच कळत न्हाई. म्हनून तुमाला फोन केलता. तिकडं पाऊस पडला का?"

"न्हाई," मी म्हणालो.

परवा सासुरवाडीला गेलो. पहिला पाट पुन्हा माझा. पाण्याचा तांब्या समोर आला आणि हे कुठलं म्हणून कुणी विचारलं नाही. मी त्याच्यावर अजून जळतो, पण इतक्या लांब गेलेल्या माणसावर धड जळताही येत नाही. यावं त्यानं लवकर, बसावं पहिल्या पाटावर. मी शेजारी सरकून बसेन आणि नीट जळेन.