गाडीखालचं चाक
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला लातूरचं, औसा रोडवरचं ते गॅरेज आठवतं. तिथं मी उस्तादांच्या हाताखाली गाडीचं खालचं काम शिकत होतो. त्यांचा एकच नियम होता: चाक काढलं की आधी ते गाडीखाली आडवं सरकवायचं, म्हणजे जॅक सटकला तरी गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. त्या दुपारी उस्ताद किल्लारीच्या एका जीपखाली झोपून सस्पेन्शनचा आर्म खोलत होते. जीपवाला मला म्हणाला, "तवर ह्या चाकाचं पंक्चर काढून आण की. लई घाई हाय." मी खालचं चाक ओढलं आणि समोरच्या दुकानात ढकलत नेलं. ट्यूबला सोल्युशन लावलं तोच मागं धाडकन आवाज झाला. पळत आलो, तर जीप खाली बसली होती आणि उस्तादांचा उजवा हात तिच्याखाली होता. माझ्याकडं बघून ते एवढंच म्हणाले, "चाक कुठंय रे?" आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. उस्ताद कधीमधी येतात, डाव्या हातानं चहा घेतात. गिऱ्हाइकानं हाताचं विचारलं की सांगतात, "जॅक सटकला." मी शेजारीच असतो, आणि अजून एकदाही मधी बोललेलो नाही.